पहिला वाटा

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या वाढदिवसाला आमच्या हिने मला काचेची एक कुपी दिली. करंगळीच्या पेराएवढी, दोन्ही टोकं ज्योतीवर वितळवून बंद केलेली, आत चिमूटभर पांढरी पूड. माझ्या मित्रांच्या बायका नवऱ्यांना घड्याळं देत होत्या, स्वेटर विणत होत्या. मी कुपी खिडकीतल्या उजेडात धरली आणि विचारलं, "हे पोटात घ्यायचं की बाहेरून लावायचं?"

"यातलं काहीही केलंत तर पुढचा वाढदिवस मला एकटीला करावा लागेल," ही म्हणाली. "नुसतं जपायचं. हा पहिला वाटा आहे."

मी दातांचा डॉक्टर. रसायनशास्त्राशी माझा संबंध भुलीचं इंजेक्शन आणि दातात भरायचं सिमेंट, एवढाच. त्यामुळे पहिला वाटा म्हणजे काय, हे हिला मला समजावून सांगावं लागलं. समजावून सांगायला हिला भारी आवडतं. जेवण गार होईपर्यंत सांगते.

ही प्रथा हिच्या सरांची. हिने ज्यांच्या हाताखाली संशोधन केलं ते सर म्हणजे उंच, वाकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्या प्रयोगशाळेत एखादा नवा पदार्थ पहिल्यांदा स्फटिक होऊन खाली बसला की ते सगळ्यांना थांबवायचे. ती पहिली खेप वाळवायची, त्यातला काही भाग बारीक कुप्यांत भरून बंद करायचा आणि ज्यांच्या मदतीशिवाय काम झालं नसतं त्यांना नेऊन द्यायचा. अट एकच. प्रयोगशाळेच्या आतल्या कुणालाही वाटा नाही. "आतल्यांना स्फटिक बघायला मिळाले की," सर म्हणायचे. "वाटा बाहेरच्यांचा." म्हणून कुप्या फुंकून देणाऱ्या काचवाल्याला मिळायची, स्टोअरच्या कारकुनाला मिळायची, रात्री कुलूप लावायला ताटकळणाऱ्या पहारेकऱ्याला मिळायची. सरांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, तर प्रत्येक वेळी मिळायची, कारण सर घरी कधी येतील याची वाट बघण्यात त्यांचा निम्मा संसार गेला होता.

पुढे हिची स्वतःची प्रयोगशाळा झाली तेव्हा हिने ती प्रथा जशीच्या तशी उचलली. मुलगी लहान असताना माझ्या सासूबाईंनी तिला सांभाळलं, म्हणून त्यांना इतक्या कुप्या मिळाल्या की त्यांनी काचेच्या कपाटात वेगळा कप्पा केला. रंगीत पुढे, पांढऱ्या मागे. पाहुण्यांना त्या सांगायच्या, "मुलीचे दागिने आहेत." माझ्या कुप्या दवाखान्यातल्या खिडकीत असायच्या. बधिर होण्याची वाट बघणारे पेशंट त्यांच्याकडे टक लावून बसत, तेवढाच त्यांचा जीव रमायचा.

हिची बढती होत गेली. आधी प्राध्यापक, मग विभागप्रमुख, मग साऱ्या विद्यापीठाच्या संशोधनाची संचालक. त्यातच एक नवं खातं हिच्या गळ्यात पडलं: विद्यापीठातले शोध बाजारापर्यंत न्यायचं. पेटंटं काढायची, कारखानदारांशी करार करायचे, विद्यार्थ्यांना कंपन्या काढून द्यायच्या. जुन्या सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. "बाईंनी दुकान मांडलं," असं एक जण हिच्या तोंडावर म्हणाला. हिने त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "मांडलंय खरं. तुमच्या कपाटातही बराच माल पडून आहे, कधी बघायला येऊ?"

घरी मात्र ही वेगळं बोलायची. प्रयोगशाळेतला पांढरा कोट दाराच्या मागे लटकून राहिला होता. तो फक्त फोटो काढायला आलेल्या लोकांसाठी अंगावर चढायचा. "हाताला काचेचा स्पर्श नाही हो दिवसभर," ही म्हणायची. "नुसत्या बैठका. दुसरे करतात आणि मी विचारते, झालं का?" मी काहीतरी विनोद करायचो. काही वेळा विनोद करण्यापलीकडे नवऱ्याला काही सुचत नाही.

त्या खात्यात एक वकीलबाई होत्या, नियमाला पक्क्या. करार झाल्याशिवाय प्रयोगशाळेतला एक कणही बाहेर जाणार नाही, असा नियम त्यांनी आणि हिने मिळूनच केला. मग लक्षात आलं की या नियमात पहिला वाटाच अडकला. वकीलबाईंनी डोकं खाजवलं आणि एक पानाचा करार तयार केला: कुपी घेणारा ती उघडणार नाही, विकणार नाही, खाणार नाही. तेव्हापासून बायकोकडून भेट घेताना मला सही करावी लागते. पहिली कुपी अर्थात वकीलबाईंनाच मिळाली. त्यांनी स्वतःचाच करार दोनदा वाचून सही केली.

आता ठिपक्याकडे येतो, कारण गोष्ट त्याची आहे.

हिच्याकडे शेवटी शेवटी एक विद्यार्थिनी आली. चालताना तिचे पाय जमिनीला टेकतात की नाही अशी शंका यावी, म्हणून हिने तिचं नाव तुरतुरी ठेवलं. दोघींनी मिळून एक पदार्थ शोधला. तो फिकट पिवळा असतो, आणि ऊब लागत गेली की हळूहळू निळा होतो, परत पिवळा होत नाही. त्याचा ठिपका लशीच्या बाटलीवर लावला की झालं. बाटली वाटेत कुठे तापली असेल तर ठिपका निळा दिसणार आणि दूरच्या दवाखान्यातल्या नर्सला कळणार की ही लस गेली, ती बाळाला टोचायची नाही. शाईही साधी, किंमतही साधी. ही कित्येक वर्षांत इतकी खुशीत दिसली नव्हती.

पहिला वाटा झाला. सर तोवर वारले होते, म्हणून त्यांच्या नावाची कुपी काकूंना दिली. कुपी देताना ही प्रत्येकाला बजावत होती, "थंडीत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात. नाहीतर निळी पडेल." मी माझी नेहमीसारखी दवाखान्याच्या खिडकीत ठेवली. काही महिन्यांनी ती सुरेख निळी झाली. मी हिला म्हटलं, "काय रंग धरलाय गं!" हिने कपाळावर हात मारून घेतला.

तुरतुरीने पुढे विद्यापीठात लागलेली कायमची नोकरी सोडून ठिपक्यांची कंपनी काढली. सोडू का, असं तिने हिलाच विचारलं होतं आणि ही म्हणाली होती, "सोड. मी आहे." शहराबाहेर लहानसा कारखाना उभा राहिला, पोरंपोरी कामाला लागली. सरकारी आरोग्य खात्याची मोठी मागणी आली. खात्याचे तपासनीस माल बघायला येणार, पसंत पडला की कंपनीचे पाय रोवले जाणार होते. हिची निवृत्तीही जवळ आली होती. मी मनात सहलीचे बेत आखू लागलो होतो.

आणि एका सकाळी कारखान्यातले स्फटिक पांढरे निघाले.

नेहमीच्या पातळ, पिवळ्या पत्र्यांसारख्या स्फटिकांऐवजी कापसासारख्या पांढऱ्या सुया. तापवल्या तरी निळ्या होईनात. ढिम्म. तुरतुरीने खेप टाकून दिली, भांडी घासली, पुन्हा केलं. पुन्हा सुया. ही तातडीने कारखान्यात गेली, तिथल्याच पाहुण्यांच्या खोलीत राहिली. दिवसामागून दिवस सुयाच. शेवटी प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये राखून ठेवलेली चांगल्या स्फटिकांची बाटली हिने कारखान्यात मागवली आणि दोघींनी ती तिथेच उघडून वापरली. तरी सुया. मग ही तिथून थेट विद्यापीठात गेली आणि जिथे हा पदार्थ जन्मला त्या टेबलावर तुरतुरीला घेऊन उभी राहिली. तिथेही सुया.

त्या दिवशी दुपारी मला फोन आला. "मी घरी येत नाहीये," ही म्हणाली.

"का? काय केलं मी?"

"काही केलं नाहीत, कुठे गेला नाहीत, म्हणूनच. आता मी सांगते ते नीट ऐका आणि मध्ये विनोद करू नका."

हिने सांगितलं ते असं. काही पदार्थांचे स्फटिक दोन तऱ्हांनी जमतात. विटा त्याच, भिंती दोन; विटा विरघळून सुट्या असताना कितीही तापवा, रंग बदलत नाही. एक भिंत शहाणी, म्हणजे निळी होणारी. दुसरी हट्टी. दुधाला विरजण लागतं तसं स्फटिकांनाही लागतं, आणि हट्टी जात एकदा जन्मली की तिचा डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा विरजण म्हणून पुरतो. तो हवेत असतो, बाहीवर असतो, केसांत असतो. मग त्या खोलीत शहाणी जात जमतच नाही. कारखान्यात हट्टी जात अचानक जन्मली होती. शेवटची चांगली बाटली दोघींनी त्याच हवेत उघडून नासवली. आणि मग ही कारखान्यात घातलेला कोट तसाच घालून प्रयोगशाळेत गेली आणि तिथेही विरजण लावून आली. विरजण न लागलेला मी तरी कोरा राहावा, म्हणून ही घरी येत नव्हती.

"रसायनशास्त्रात ही गोष्ट पुस्तकात लिहिलेली आहे हो," ही म्हणाली. हिचा आवाज असा मी सासरे गेले तेव्हाच ऐकला होता. "मी वर्गात शिकवलीय. आणि मीच कोट झटकत फिरले. तिने माझ्या शब्दावर नोकरी सोडली. ती पोरगी रस्त्यावर आली तर मी कोणत्या तोंडाने घरी बसू? आता जगात कुठेतरी शहाणी जात उरली असेल तर ती पहिल्या वाट्याच्या कुप्यांत. तुमची?"

"निळी," मी म्हटलं. त्या दिवशी मला त्या निळ्या रंगाची शिसारी आली.

मी फोन करत सुटलो. काचवाल्याची खिडकीत होती, निळी. वकीलबाईंची फायलींच्या कपाटावर, निळी. सासूबाई आनंदाने म्हणाल्या, "अहो, इतकी सुंदर झालीय, मी पुढच्या रांगेत घेतली तिला!" राहिल्या काकू. त्यांचा फोन लागेना. हिचं म्हणणं पडलं की त्यांनी सरांच्या फोटोजवळच ठेवली असणार, उगाच त्यांना त्रास नको. पण मी गेलोच.

काकूंनी दार उघडलं. "या जावईबापू. ती नाही आली?" हिला त्या मुलगी मानतात, म्हणून मी जावई. मी आत जाऊन आधी फोटो पाहिला. फोटोजवळ फुलं होती, कुपी नव्हती. मी घाबरत विचारलं, "काकू, त्या ठिपक्याच्या वेळची कुपी... टाकली का हो?"

"टाकेन कशाला? थंडीत ठेवायला सांगितली होती ना तिने?" त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, फ्रीजचा वरचा कप्पा उघडला, मटारच्या पिशव्या बाजूला सारल्या आणि मागून पत्र्याचा एक डबा काढला. झाकणावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: हात लावू नये. आत सरांचा लोकरी मोजा, आणि मोज्यात कुपी. फिकट पिवळी. अगदी पहिल्या दिवशी होती तशी.

मी स्टुलावर बसलो.

"निळी झाली तर फेकून द्या म्हणाली होती, म्हणून अधूनमधून बघते," काकू म्हणाल्या. "हा डबा संसारभर होता हो फ्रीजमध्ये. मी ओरडायची, तुमची रसायनं माझ्या मटारजवळ नकोत म्हणून. ते गेले तेव्हा डबा रिकामा झाला. फेकवेना. मग तिने ही आणून दिली. बरं वाटलं. डब्यात परत काहीतरी आलं."

मी डबा त्यांच्या हातून घेतला आणि स्वतःच मटारच्या मागे परत ठेवला.

आता प्रश्न होता, स्फटिक काढायचे कुणी. ही आणि तुरतुरी कुपीच्या आसपासही येऊ शकत नव्हत्या. विभागातले बाकीचे? ही माणूसवेडी. विभागातला प्रत्येक जण त्या दिवशी हिच्या खोलीत येऊन, पाठीवर हात ठेवून, धीर देऊन गेला होता. सगळेच बाद. दुसऱ्या विद्यापीठातला कुणी बोलवावा तर करार हवा, आणि तो वकीलबाई कितीही धावल्या तरी तपासनीस येण्याआधी होणारा नव्हता. काकूंचे हात कापतात.

"तुमचे नाही कापत," ही फोनवर म्हणाली.

"माझे दातांवर नाही कापत!"

"तेच हात आहेत ना?"

वकीलबाईंनी मला विद्यापीठाचा बिनपगारी तात्पुरता साहाय्यक करून टाकलं. मी आणखी एक सही केली.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरात जे घडलं ते कुणी बाहेरून पाहिलं असतं तर पोलिसांना बोलावलं असतं. पडदे ओढलेले. मी आंघोळ करून, दवाखान्यातला कोरा गाऊन घालून, टोपी, दोन मास्क, हातमोजे अशा थाटात गॅसपाशी उभा. काचवाल्याने कोरी भांडी पाठवली होती. पदार्थाचं कडकडीत गरम द्रावण, ज्यात हट्टी कणही विरघळून जातो, ते तुरतुरीने गाळून बाटलीत बंद करून, बाटली धुऊन, पिशवीत पिशवी घालून उंबऱ्यावर ठेवलं आणि ती रस्त्यापलीकडे पळाली. काकूंनी एकेक पिशवी बाहेरच सोडवली. आणि ही समोरच्या फुटपाथवर, कानाला फोन लावून. एवढ्या मोठ्या संचालकबाई, रस्त्यावर उभ्या राहून उंटावरून शेळ्या हाकत होत्या. खिडकीच्या फटीतून ही मला दिसत होती. काकूंनी फोनचा आवाज मोठा करून तो डब्यावर ठेवला.

"गरम पाण्यात बाटली ठेवा. सगळं स्वच्छ दिसेपर्यंत. आता भांड्यात ओता. ढवळू नका. गॅस बंद केलात ना?"

"केला."

"आता निवू द्या. थर्मामीटरवर मी सांगितलेला आकडा आला की कुपी फोडा आणि थोडे कण टाका."

आकडा आला. दाढ फोडतो तशी मी कुपीची मान अलगद फोडली, निम्मे कण टाकले. ते क्षणभर तरंगले आणि माझ्या डोळ्यांदेखत विरघळून गेले. चहातल्या साखरेसारखे.

"गेले," मी म्हटलं.

मी खिडकीतून पाहिलं. हिने डोळे मिटले होते. तुरतुरीने हिचा दंड धरला होता. जगात उरलेल्या शहाण्या जातीपैकी अर्धी मी पाण्यात घालवली होती.

मग ही बोलायला लागली. आवाज एकदम शांत, मुलीला पहिल्यांदा सायकल शिकवताना होता तसा. "चूक तुमची नाही. आकडा मी प्रयोगशाळेतल्या भांड्यांवरून दिला होता. थर्मामीटर ठेवून द्या. दात काढताना तुम्ही घड्याळ बघता का हो?"

"नाही."

"मग कसं कळतं, आता निघेल म्हणून?"

"हाताला कळतं. तो किंचित सुटतो."

"इथे डोळ्यांना कळतं. एक कण टाका, फक्त एक. आणि त्याच्या कडा बघा. कडा गोल व्हायला लागल्या तर विरघळतोय, अजून थांबायचं. कडा धारदार राहिल्या तर त्याला तिथे राहावंसं वाटतंय. मग बाकीचे सोडा."

मी एक कण टाकला. काकूंनी बॅटरी धरली होती, त्यांचा हात कापत होता म्हणून उजेडही कापत होता. कडा गोल झाल्या. कण गेला. आम्ही थांबलो. मी दुसरा टाकला. तोही गेला, पण आधीच्यापेक्षा सावकाश. फुटपाथवर कुणीतरी हिला पत्ता विचारत होतं आणि ही त्याला हाताने पुढे जा म्हणत होती. मी तिसरा टाकला.

तो राहिला. तळाशी बसला, कडा सुरीसारख्या.

"राहिला," मी कुजबुजलो.

"सोडा सगळे."

मी कुपी उलटी केली. काही झालं नाही. मग तळाशी काहीतरी लुकलुकलं. मग त्याच्या बाजूला. बघता बघता त्या स्वच्छ पाण्यात कुठूनतरी पातळ पातळ पत्रे यायला लागले, एकमेकांना टेकून, वाढत, वळत, बॅटरीच्या उजेडात चमकत. कुणी ते करत नव्हतं. मी तर नाहीच करत होतो, मी नुसता उभा होतो. इतकी वर्षं ही गार झालेल्या जेवणापुढे बसून मला हेच सांगत होती आणि मला वाटायचं, असेल काहीतरी. माझा चष्मा धुकटला. आधी वाटलं मास्कमुळे.

"काय दिसतंय? अहो, बोला ना! सुया की पत्रे?"

"पत्रे," मी म्हटलं. "पिवळे. अगं, काय सुंदर आहे हे."

ही फुटपाथवर मटकन खाली बसली, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, सगळ्या रहदारीसमोर. तुरतुरीचे पाय तर खरंच जमिनीला टेकत नव्हते. काकूंनी कामात काम म्हणून चहा टाकला होता. त्यांनी कप आणला, मी चिमूटभर पूड कागदाच्या तुकड्यावर घेऊन वाफेवर धरली. कागद निळा झाला. काकूंनी तो निळा कागद नेऊन सरांच्या फोटोपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "बघा, तुमच्या डब्यातलं."

पुढची गोष्ट लांबवत नाही. त्या पत्र्यांचं विरजण घेऊन दुसऱ्याच भागात नवी शेड घेतली, जुन्या कारखान्यात पाऊल न टाकलेली माणसं तिथे नेमली, दारात कपडे बदलायची खोली केली. तपासनीस आले, ठिपके निळे झाले, माल पसंत पडला. तुरतुरीने मला फोन करून इतकं रडून घेतलं की मला वाटलं कंपनी बुडालीच. तिच्या शेडमध्ये आता एक फ्रीजर आहे, त्याला दोन कुलपं आहेत आणि त्यावर लिहिलंय: हात लावू नये.

हिच्या निरोपाचा समारंभ झाला. बरीच भाषणं झाली. जो सहकारी दुकान म्हणाला होता तोसुद्धा चांगलं बोलला, त्याचाही एक शोध मधल्या काळात हिने बाजारात नेला होता. कुलगुरूंनी शाल दिली. रात्री घरी आल्यावर ही सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "सगळे म्हणाले, बाईंनी केलं. मी काय केलं हो? शेवटची कित्येक वर्षं मी फुटपाथवरच उभी होते की. आत दुसरेच."

मी उठलो. फ्रीजचा वरचा कप्पा उघडला, मटार बाजूला सारले. काचवाल्याकडून मी तेव्हाच त्या पत्र्यांची एक कुपी बंद करून घेतली होती, बर्फात धरून, त्याच्या शिव्या खाऊन. वकीलबाईंकडून कागदही आणला होता. दोन्ही हिच्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"खेप मी काढली होती. तेव्हा वाटाही मीच द्यायचा. सही कर. उघडायची नाही, विकायची नाही, खायची नाही."

हिने कुपी उचलली. उजेडात धरली, मी पहिली धरली होती तशीच. किती तरी वेळ बघत राहिली. शेकडो कुप्या हिने वाटल्या होत्या, काचवाल्याला, पहारेकऱ्याला, आईला, मला. पण ही कायम आतली. आतल्यांना वाटा नसतो.

"मला कुणी कधी दिली नव्हती," ही म्हणाली.

"कशी देणार? या खेपेला पहिल्यांदाच तू बाहेर होतीस. आणि तू बाहेर नसतीस तर ती झाली नसती."

हिने डोळे पुसले, सही केली, आणि लगेच उठून फ्रीजकडे निघाली. "चला, बाजूला व्हा," म्हणाली. "थंडीत ठेवायला हवी."